बरोबर आहे म्हणणारा मुलगा

बघायला आलेल्या मुलाला काय विचारायचं, याबद्दल आमच्या सौंदडात एकमत आहे. नोकरी का शेती, पाण्याखालची किती, भाऊ किती. हे सगळं मध्यस्थानं आधीच सांगितलेलं असतं, तरी विचारायचं आणि मान हलवायची. मला ते जमलं नाही. मी टिकेशला विचारलं, शेवटचा सिनेमा कोणता पाहिला आणि तो आवडला का.

टिकेश अर्जुनी मोरगावचा. घरची राईस मिल आहे, वय माझ्याएवढंच, चेहरा बरा. त्यानं आधी शेजारी बसलेल्या आपल्या मामाकडे पाहिलं. मग म्हणाला, "पायला एक. ठीक होता."

"गाणी कोणती ऐकता?"

"सबच ऐकतो."

"आणि हे सरकार कसं वाटते तुम्हाला?"

चहाचा ट्रे घेऊन येणारी माझी आई दारातच थांबली. टिकेश म्हणाला, "चालूनच राहिलं ना." सगळे हसले. माझे बाबा, हुकुमचंद पारधी, सगळ्यात मोठ्यानं हसले आणि तिथल्या तिथं त्यांनी मुलगा पसंत करून टाकला. बाबांना शांत माणसं फार आवडतात, अशांसमोर त्यांना मध्ये न थांबता बोलता येतं.

मुलात खोट काढायला जागा नव्हती आणि माझी अडचण तीच होती. मी रोज सौंदडहून गाडीनं गोंदियाला जाते, तिथं डोळ्यांच्या एका दवाखान्यात काउंटरवर बसते. सकाळच्या त्या डब्यात मत नसलेला एक माणूस दाखवा. धानावर सरकार देतं त्या बोनसवर मत, हीरोच्या दाढीवर मत, कोण कोणत्या पक्षातून कुठं उडी मारणार यावर तर पैजा. मलाही मतं आहेत आणि ती मी पोटात ठेवत नाही. टिकेशची मतं माझ्यासारखीच असावीत असा माझा हट्ट नव्हता, उलटी असती तरी चाललं असतं. या माणसाच्या आत कोणी राहतं का, एवढंच मला कळून घ्यायचं होतं. जन्मभर ज्याच्याशी बोलायचं, तो रिकामा निघाला तर काय, याची मला खरंच भीती वाटत होती.

रविवारी होकार नाही तर नकार कळवायचा होता. फोन नंबर मिळाला होताच. सोमवारी मी त्याला लिहिलं की सध्या गाजत असलेला मारामारीचा तीन तासांचा सिनेमा मला फार आवडला. खरं तर तो बघताना मी दोनदा झोपले होते. हीरो साठ माणसं लोळवतो आणि त्याच्या शर्टाची इस्त्री मोडत नाही. टिकेशचं उत्तर आलं, "हो, मस्त आहे." बुधवारी मी लिहिलं की परत विचार केला तर सिनेमा भिकार वाटतो. उत्तर आलं, "बरोबर आहे, जरा लांबला."

मला हसू आलं आणि मग रागही आला. शनिवारी आई अर्जुनीच्या बाजाराला निघाली, तेव्हा मीही चपला घातल्या. बाजाराचं निमित्त होतं, तिलाही मिल बघायचीच होती.

"लग्नाआधी पोरगी जात नाही तिकडं," आई म्हणाली.

"मी बाजाराले येऊन राहिली. मिल रस्त्यात लागली तर मी का करू?"

मिल रस्त्यात नव्हती, दोन वळणं आत होती. धान कापून झाल्यावरचे दिवस, त्यामुळे अंगणात पोत्यांची थप्पी आणि माणसांची रांग. मशीनच्या आवाजात कानाशी ओरडल्याशिवाय काही कळत नव्हतं. आम्हाला बघून टिकेश दचकला. कानातली इअरफोनची वायर ओढून त्यानं खिशात कोंबली, दोन खुर्च्या पुसल्या, पाणी आणलं. "बसा काकीजी," तो आईला म्हणाला आणि आलेलं धान मोजायला काट्याकडे गेला. काटा आमच्या खुर्च्यांना लागूनच होता.

पहिले होते उदाराम नावाचे म्हातारे. ते ओरडून सांगू लागले की यंदा बोनस भेटला, असं सरकार मागं झालं नाही आणि पुढं होणार नाही. टिकेश म्हणाला, "बरोबर आहे काका." उदाराम बाकावर टेकले. त्यांच्यामागून बिसराम आले. त्यांचं म्हणणं, बोनस भेटला तो पुढाऱ्याच्या सोयऱ्यांना, बाकीच्यांनी नुसते चकरा माराव्या. टिकेशनं पोतं काट्यावर ढकललं आणि म्हणाला, "बरोबर आहे भाऊ."

आईनं पदर तोंडाला लावला. मी उठले.

"त्याले बी बरोबर, याले बी बरोबर," मी म्हणाले. "माझ्या बाबाले बरोबर, तुमच्या मामाले बरोबर. सिनेमा चांगला तरी बरोबर, सिनेमा बेकार तरी बरोबर. उद्या मी म्हणीन दिवस पश्चिमेकून निघते, तुमी म्हणान बरोबर. असं बरोबर मी घेऊन का करू, लोणचं घालू? भित्तीसंगच लगीन लावीन मंग. भिंत तरी हो हो करत नाही."

मशीनच्या वरताण ओरडावं लागल्यामुळे हे सगळं एका दमात बाहेर पडलं. टिकेशनं हातातलं पोतं खाली ठेवलं. मग तो मला पोत्यांच्या थप्पीजवळ, जरा कमी आवाजात घेऊन गेला.

"मिलमध्ये मत ठेवलं तर धान दुसऱ्याच्या मिलमध्ये जाते," तो म्हणाला. "माझ्या बाबानं एका निवडणुकीत एकाचा झेंडा धरला होता. अर्ध्या गावानं मिलची पायरी सोडली. तवापासून बाबा म्हणते, तोंडातून बरोबर आहे सोडून काही काढायचं नाही."

"आणि घरी?"

"घर मिलच्या मागंच आहे."

"मंग तुमाले स्वतःले काही वाटते का नाही?"

"वाटते. पण वाटते ते मलेच दुसऱ्या दिवशी समजते."

हे उत्तर मला आवडलं, पण एवढ्यावर होकार देता येईना. मग मी ते केलं जे करू नकोस म्हणून मध्यस्थानं बजावलं होतं. गेल्या दिवाळीत मी एक रॅप लिहून फोनवर रेकॉर्ड केलं होतं, हिंदीत, पाच वर्षांतून एकदा तोंड दाखवणाऱ्या पुढाऱ्यावर. मला हिपहॉप मनापासून आवडतं. बाबांच्या मते ज्यात दम घ्यायला उसंत नाही त्याला गाणं म्हणू नये, आणि मुलाकडच्यांना हे कळलं तर सोयरीक मोडेल. मोडली तर मोडली, असं मी ठरवलं आणि फोन काढला.

टिकेशनं हातानं थांबवलं. जाऊन त्यानं मशीन बंद केली. आवाज इतका एकाएकी थांबला की रांगेतली सगळी माणसं आमच्याकडे बघू लागली. मग त्या शांततेत, दहाबारा माणसांसमोर, माझाच आवाज सुरू झाला. 'मेरी गली में आया तू, पाँच साल के बाद, पुलिस का डंडा साथ लाया, भूला मेरी फरियाद.' पुढं बरंच होतं. आईनं जमिनीकडे बघत सगळं ऐकलं.

संपल्यावर उदाराम बाकावरून म्हणाले, "पुढाऱ्याले असं बोलते का कोणी? भल्या घरच्या पोरीनं असं गाऊ नये. का टिकेश?"

सगळे टिकेशकडे वळले. बिसरामसुद्धा वाट बघत होते. ठरलेले दोन शब्द यायचे होते आणि ते आले असते तर मी तिथूनच आईला घेऊन स्टेशन गाठलं असतं.

"नाही काका," टिकेश म्हणाला. "हे तुमचं चुकलं. ज्याले बोलाचं हाय त्यानं बोलावं. पोरगी असो का पोरगा."

उदाराम उठले. "म्हणजे आता तू मले शिकवशीन."

"शिकवत नाही. मले वाटलं ते सांगतलं."

म्हाताऱ्यानं काट्यावरची पोती परत बैलबंडीत भरायला लावली. टिकेशनं स्वतः पोती उचलून दिली, पण शब्द मागं घेतला नाही. बंडी फाटकाबाहेर गेली तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. आपल्या बाबांना संध्याकाळी काय सांगायचं, ते त्याच्या मनात चालू असणार. मला मात्र एवढा आनंद झाला होता की तो लपवणं कठीण झालं. आत कोणीतरी राहत होतं.

मी विचारलं, "म्हणजे गाणं आवडलं तुमाले?"

"नाही," टिकेश म्हणाला.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही, पण मशीन तर बंदच होती.

"मी दिवसभर असलं रॅपच ऐकतो," तो खिशातली वायर दाखवत म्हणाला. "मशीन चालू असली तं दुसरं गाणं कानात घुसतच नाही, हेच घुसते. म्हणून सांगून राहिलो. सौंदडात कुठं आली तुमची गली? आणि पुलिसचा डंडा तुमाले कवा बसला? दुसऱ्याच कोणाचं दुःख वाटते ते. आवाज बी तुमचा नाही, मुंबईच्या पोट्ट्याचा आहे."

"रॅपची भाषा तशीच असते," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"असन. पण मघाशी तुमी मले झापलं ना, ते याच्यापेक्षा कितीतरी तालात होतं."

बिसराम खो खो हसले. मी आईचा हात धरला आणि निघाले. बाजार केला नाही. स्टेशनवर मी आईला ऐकवत राहिले, याला काय कळतं, कधी एक ओळ लिहिली आहे का, दुसऱ्याचं दुःख म्हणे. आई सगळं ऐकत होती. गाडी आली, आम्हाला खिडकी मिळाली, आणि मी तिथंही बोलत राहिले. मग कधीतरी मी गप्प झाले.

बाहेर धान कापून रिकाम्या झालेल्या शेतांच्या बांध्या मागं पळत होत्या. मी मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणून बघत होते. त्याले बी बरोबर, याले बी बरोबर. माझं बोट खिडकीच्या गजावर पडत होतं. बाबाले बरोबर, मामाले बरोबर. मेलं, बरोबर तालाच्या जागी पडत होतं.

"एवढा राग आला तुले, तं नाही म्हणून सांगू का बाबाले?" आईनं विचारलं.

"हो सांग," मी म्हणाले. "मी लगीन करीन म्हणून सांग. आणि आता जरा चूप बस माय, लोणच्याच्या नंतर मी का म्हटलं होतं ते आठवू दे."