आधी बोट, मग आकडा

फोन आला तेव्हा मी टेबलाला तिसरं भोक पाडत होतो. पलीकडे कुणी अनोळखी बाई होती. तुमच्या मिसेस बसमध्ये कोसळल्या, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं, म्हणाली. मांडीवर एक जड पिशवी होती, ती ठेवून घेतली आहे. पिशवीत काय असणार ते मला माहीत होतं. चौथी माती आणायला गेली होती ती.

आम्ही दोघं एकाच संग्रहालयात कामाला. ती प्रदर्शनांची आखणी करायची, मी सुतार. आधुनिक शेतीच्या दालनात मातीची ओल मोजणारं यंत्र मांडायचं होतं. तिने ठरवलं, चार प्रकारची खरी माती ठेवायची. मुलांनी भोकातून बोट घालून ओल ओळखायची आणि मगच बटण दाबून यंत्राचा आकडा बघायचा. "आधी बोट, मग आकडा," हे तिने सगळ्यांच्या डोक्यात भरवलं होतं. मी पहिलं भोक पाडलं तर म्हणाली, "अहो, मुलांसाठी आहे, तुमच्या अंगठ्यासाठी नाही!"

दीड महिन्याने कामावर गेलो, तर दालनात दुसरंच टेबल, चकचकीत. वर पितळी पट्टी, तिच्या नावाची. मी बोट घातलं. रंगवलेला स्पंज लागला. बटण दाबलं. बत्तीस.

दालनाचे साहेब आले. माझ्या मुलाच्या वयाचे.

"काका, छान झालंय ना? मातीने फार घाण होते हो. आणि रोज पाणी कोण घालणार?"

मी बाटलीतलं पाणी भोकात ओतलं आणि पुन्हा बटण दाबलं. बत्तीसच.

"अहो, काय करताय! आकडा ठरवून ठेवलाय. मुलांना काय, दिवा लागला की खूश."

"शेतीच्या दालनात मातीचं वावडं? मग लग्नही लावा नवऱ्याशिवाय."

"चिडू नका. काकूंचं नाव दिलंय की आम्ही."

तिथे माझं डोकं फिरलं. "माती नको म्हणता, आणि तिच्या नावाने पोरांच्या डोळ्यांत धूळ फेकता? जन्मात खोटं माप लावलं नाही तिने."

"सोमवारी उद्घाटन आहे. आता काही बदलणार नाही."

"मग नावही राहणार नाही."

खिशात स्क्रू ड्रायव्हर होताच. चार स्क्रू काढले.

"काका, ती पट्टी संग्रहालयाची आहे!"

"उद्या परत देतो. नाव घासून."

दिली.

सोमवारी दालन उघडलं. पोरं धडाधड बटण दाबत होती. बोट एकानेही घातलं नाही.

तिचं टेबल माझ्याकडे कार्यशाळेत आहे. तिसरं भोक मी नंतर पुरं केलं. तिन्ही मात्यांना बोटाने ओल बघून पाणी घालतो. चौथी माती पिशवीतच आहे, तिने बांधलेल्या गाठीसकट. चौथं भोक अजून पाडायचं आहे.