डावा अर्धा कमी

मास्तरांनी ऑपरेशनची सोमवारची तारीख फोन करून परस्पर रद्द केली आणि वर शीळ घालत घरात आले. ते ऐकून टेलरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

टेलरबाई म्हणजे मास्तरांची बायको. पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम चालायचं. मास्तर शाळेत कवायत शिकवायचे. दोन महिन्यांत दोनदा ते उभ्याचे आडवे झाले होते, एकदा मैदानावर शिट्टी तोंडात असताना आणि एकदा बाथरूममध्ये. हृदयाच्या डॉक्टरांनी चोवीस तास छातीला मशीन चिकटवून ठेवलं आणि स्वच्छ सांगितलं, ठोका मध्येच चार-चार सेकंद थांबतोय, पेसमेकर बसवायला हवा, उशीर नको. मास्तरांना ते पटलंही होतं. पण मध्येच नणंद कडमडली. तिची जुनी डोकेदुखी मानेचे मणके बसवणाऱ्या कुणा माणसाकडे थांबली होती, आणि डोकेदुखी थांबलेलं माणूस गप्प बसत नाही.

"सगळं मूळ मानेत आहे," मास्तर सांगू लागले. "पहिला मणका सरकलाय. तो व्हेगस नसेवर दाब देतो. ही नस म्हणजे हृदयाचा ब्रेक. ब्रेक दाबलेला राहिला तर गाडी बंद पडणारच ना? बारा वेळा मान बसवली की नस मोकळी. मशीनबिशीन काही नको."

"मणका सरकलाय हे त्याला कसं कळलं?"

"पाय मोजून. टेबलावर पालथं झोपवलं, दोन्ही टाचा धरल्या, तर डावा पाय अर्धा इंच आखूड. धाकट्या बहिणीनं फोटो काढलाय, बघ हवं तर. मग मानेला एक झटका दिला, पुन्हा मोजलं, तर दोन्ही सारखे. आता बोल."

टेलरबाईची कात्री कापडातच थांबली.

कारण डावा पाय अर्धा इंच आखूड होताच. सव्वीस वर्षांपूर्वी, नवऱ्याची पहिली पँट शिवतानाच तिला ते कळलं होतं. सासूबाईंना विचारलं तर त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. तान्हा असताना पाय मोडला होता, पण त्याला सांगू नकोस, ताठ उभं राहण्याचा त्याला फार अभिमान आहे. टेलरबाईनं मापाच्या वहीत 'डावा अर्धा कमी' असं लिहिलं आणि तेव्हापासून प्रत्येक पँट डावीकडे अर्धा इंच कमी कापली. दोन्ही कडा बुटांवर सारख्या टेकायच्या. मास्तर आरशात बघून म्हणायचे, "ओळंबा लावून बघ, इकडचा तिकडे होणार नाही." ती मान डोलवायची. सासूबाई गेल्या आणि गुपित तिच्या गळ्यात अडकवून गेल्या. आता त्याच गुपिताच्या जोरावर कुणी परका माणूस तिच्या नवऱ्याला फिरवत होता. तिला त्या माणसाचा राग आला, नणंदेचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला.

घरात सांगून उपयोग नव्हता. मास्तर म्हणाले असते, तुझा सूर कायमच उलटा. पुढच्या खेपेला ती वही पर्समध्ये टाकून त्यांच्याबरोबर गेली.

खोली चकचकीत होती. कोपऱ्यात प्लास्टिकचा पाठीचा कणा टांगलेला, भिंतीवर मेंदूपासून पोटापर्यंत उतरलेली पिवळी नस. मानेवाला मऊ आवाजात बोलायचा. नणंद आधीच येऊन खुर्चीत बसली होती.

"ताई, या, तुम्हीही बघा." त्यानं पालथ्या मास्तरांच्या टाचा बुटांसकट धरल्या. "डावा पुन्हा आखूड. म्हणजे मणका पुन्हा हलला." मग त्यानं कानामागे अंगठा टेकवला, एक झटका दिला, मान कट्‌कन वाजली. पुन्हा टाचा. "आता सारखे."

टेलरबाई मान बघतच नव्हती. ती त्याचे हात बघत होती. माप घेताना लोक पोट कसं आत घेतात, चवड्यांवर कसे उचलले जातात, टेप कुठे ताणली की इंच कुठे जातो, यात तिची हयात गेली होती. झटक्यानंतर मोजताना त्याच्या हातानं डावा बूट हलकेच ओढला होता. मुद्दाम की सवयीनं, ते त्याचं त्याला माहीत.

"अहो, उठा. सरळ उभे राहा," ती नवऱ्याला म्हणाली. मग मानेवाल्याकडे वळली. "पाय सारखे झाले ना?"

"झाले की."

"मग ही पँट डावीकडे तोकडी का नाही पडली?"

कुणालाच काही कळलं नाही. तिनं वही उघडून टेबलावर आपटली.

"सव्वीस वर्षं यांची प्रत्येक पँट मी डावीकडे अर्धा इंच कमी कापतेय. पाय लहानपणी मोडला होता, तेव्हापासून आखूड आहे. त्यात मणक्याचा काही संबंध नाही. आणि तो आत्ता लांब झाला असता, तर ही कड बुटाच्या वर चढली असती. चढलीय?"

सगळ्यांनी खाली बघितलं. दोन्ही कडा बुटांवर अगदी सारख्या टेकल्या होत्या.

"शरीर हळूहळू जुळवून घेतं, ताई. कापडावरून..."

"यांचा ठोका चार सेकंद थांबतो हे माहीत होतं तुम्हाला?"

"सरांनी रिपोर्ट दाखवला होता."

"आणि तरी ऑपरेशन थांबवा म्हणालात?"

"मी थांबवा म्हटलं नाही. आधी मूळ कारण बघू म्हटलं."

"वहिनी, बाहेर लोक बसलेत," नणंद दबक्या आवाजात म्हणाली.

"बसू देत, वन्सं. तुमचं डोकं दुखायचं थांबलं, बरं झालं. यांचं हृदय थांबतंय."

मास्तर अजून बुटांकडेच बघत होते. "आईला माहीत होतं?"

"त्यांनीच सांगितलं मला."

मास्तर बाहेर पडले. रस्त्यानं ती चार पावलं मागे चालत होती. कोपऱ्यावर ते एकाएकी थबकले आणि त्यांनी विजेच्या खांबाला हात टेकला. ती धावली, दंड धरला आणि मनात मोजू लागली. एक, दोन, तीन. त्यांनी श्वास घेतला.

"पोरांना सावधान शिकवलं मी. सव्वीस वर्षं. आणि तू गालातल्या गालात हसत असशील."

"एकदाही नाही."

"लबाड आहेस."

"आहेच. पण माझ्या लबाडीनं तुम्ही पडला नाहीत. त्याच्या लबाडीनं मेला असता."

घरी आल्यावर मास्तरांनी हॉस्पिटलला फोन लावला. गुरुवार मिळाला. मग ते आत गेले, कपाटातून आपले सगळे शर्ट आणले आणि शिलाई मशीनवर आदळले.

"ते यंत्र इथं बसवणार आहेत." त्यांनी डाव्या खांद्याखाली बोट ठेवलं. "खिसा घासेल. काढून टाक सगळ्यांचा."

तिनं पहिला खिसा टराटरा उसवला. डोळे भरून आले होते आणि त्याचाही तिला रागच येत होता.

"आणि वहीत काय लिहितेस ते या वेळी मला वाचून दाखव," मास्तर म्हणाले.

तिनं वही ओढली, लिहिलं, आणि शेजारीपाजारी ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाचलं, "डावीकडे खिसा नाही."