झाफिरोची मान

“डावीकडून वर घ्या! माझ्याकडे काय बघताय, भिंतीकडे बघा!” आर्गिरिस मास्तर खालून ओरडत होते.

जुन्या शाळेच्या मोठ्या वर्गात दोन माणसं शिड्यांवर चढून पुरुषभर उंचीचा फोटो टांगत होती. दाराशी पावाची टोपली घेऊन झाफिरो उभी होती, आणि भिंतीवरही झाफिरोच चढत होती. बावीस वर्षांची. डोक्याला काळा रुमाल, मान मागे टाकलेली, हनुवटी वर, पापण्या जवळजवळ मिटलेल्या, खिडकीतला उजेड सगळा तोंडावर. मांडीवर सहा महिन्यांची मुलगी.

खाली संगमरवराची पाटी टेकवून ठेवली होती. झाफिरोला चष्मा सापडेना.

“काय कोरलंय, मास्तर?”

“‘शरणागती. देवाच्या इच्छेपुढे मान तुकवणारी आई. १९६१.’ पॅरिसात ह्याच नावाने गाजलाय हा, मावशी. लोक ह्याच्यापुढे उभे राहून रडतात म्हणे.”

“रडायला काय झालं त्यांना?”

“तुझं दुःख दिसतं ना,” शिडीवरचा एकजण म्हणाला.

“दुःख कुठलं? रागाने नुसती जळत होते मी.”

सगळे हसले. पापा-स्तेर्यो, गावचे तरुण पाद्री, टोपलीतला पाव हुंगत समजुतीच्या सुरात म्हणाले, “असू दे की, आजी. तुझ्या चेहऱ्याकडे बघून एखाद्याचा हात छातीवर क्रूस काढायला उठला, तर बिघडलं काय?”

झाफिरोचा आवाज आयुष्यात कधी चढला नव्हता. बुधवार-शुक्रवारचे उपास आणि पहाटेची प्रार्थना साठ वर्षांत चुकली नव्हती, त्यामुळे पाद्रीही तिच्याशी जपून बोलत. ती हळूच म्हणाली, “पापा, देवापुढे मी मान खाली घालते. वर करते ती माणसांपुढे.”

“मग तेव्हा करत काय होतीस, ते तरी सांग!” मास्तर म्हणाले.

झाफिरोने तोंड उघडलं. समोर खिडकीपाशी तिची लेक मिर्सिनी तोंडात टाचण्या धरून पडदे लावत होती. झाफिरोने तोंड मिटलं, टोपली टेबलावर ठेवली आणि घरी गेली.

त्या डोंगरातल्या गावांत नाही म्हणायला शब्द लागत नाही. हनुवटी वर, भुवया वर, पापण्या खाली आणि जिभेचा एक ‘च्क्’, एवढ्यात काम भागतं. बाजारात भाव पटला नाही की च्क्, पोराला दुसरा लाडू मिळणार नसला की च्क्. डोळे मिटून उघडेपर्यंत सगळं संपलेलं असतं. फोटोत तेवढाच क्षण धरला गेला होता, आणि ‘च्क्’ काही फोटोत उतरत नाही.

झाफिरोचा नवरा बेल्जियमच्या खाणीत दबून मेला तेव्हा मिर्सिनी दोन महिन्यांची होती. सासरे झिसिस माणूस वाईट नव्हता, पण घरात खाणारी तोंडं सात. एक दिवस त्यांनी अथेन्सचं एक मूलबाळ नसलेलं जोडपं आणलं, वकील आणला, कागद आणला. “पोरगी सुखात वाढेल. देवाचीच इच्छा आहे ही,” म्हणाले. अंगणात एक दाढीवाला फ्रेंच माणूस पाणी प्यायला थांबला होता. गावोगाव हिंडून फोटो काढणारा, भाषेचं एक अक्षर न कळणारा. वकिलाने लेखणी पुढे केली. झाफिरोने मान वर केली. च्क्. त्याच क्षणी खिडकीबाहेरून कॅमेऱ्याचाही आवाज झाला. पुढे त्या माणसाने फोटोतून कागद कापला, लेखणी धरलेला हात कापला आणि उरलेल्याला नाव ठेवलं.

सासरे चार वर्षं तिच्याशी बोलले नाहीत. ती गावच्या भट्टीवर पाव भाजायला लागली आणि चाळीस वर्षं भाजत राहिली. एका ईस्टरला मिर्सिनी आपणहून लाल अंडं घेऊन आजोबांकडे दुडुदुडु गेली, आणि म्हाताऱ्याने तिला खांद्यावर घेतलं. तिथून ती उतरलीच नाही. त्यांच्या पुण्यतिथीला साखर-डाळिंब घातलेले उकडलेले गहू ती आजही स्वतः चर्चमध्ये नेते. अशा लेकीला काय सांगायचं? झाफिरोने गिळलं.

मिर्सिनी विसाची असताना यानेना शहरात तिला ह्या फोटोचं कार्ड मिळालं. तिने ते घरी देवाच्या चित्रांशेजारी लावून पुढे दिवा ठेवला. “मी काय संतीण आहे?” म्हणत झाफिरोने तीनदा काढलं, लेकीने चारदा लावलं.

शनिवारी दुपारी मिर्सिनी आईच्या घरी तिचा काळा झगा इस्त्री करत होती. दुसऱ्या दिवशी शाळेत फोटोच्या उद्घाटनाला फ्रान्सहून पाहुणे येणार होते.

“आई, सोमवारी यानेनाला जाऊन सही करून टाकते. दीर सकाळी नऊला न्यायला येतो म्हणालाय.”

“कसली सही?”

“घराची. त्याला हवंय ते. म्हणतो, बिनमुलाबाळाची विधवा एवढ्या घराचं करणार काय.”

“घर तुझ्या नवऱ्याने तुझ्या नावावर केलंय ना? मग?”

“कुठे भांडत बसू?” मिर्सिनीने इस्त्री उभी केली आणि दिव्यामागच्या कार्डाकडे बघितलं. “तू भांडलीस का? मूल होत नव्हतं तेव्हा सासूबाई नको नको ते बोलायच्या. मी माहेरी आले की ह्याच्याकडे बघायचे. आईने मान तुकवली, मीही तुकवीन. त्याच्यावरच दिवस काढले मी.”

त्या रात्री झाफिरोने ताट तसंच बाजूला सारलं. लेकीला वाटलं, आईचा कसला तरी उपास असेल.

रविवारी प्रार्थना संपल्यावर सगळा गाव शाळेत लोटला. मास्तरांनी भाषण केलं. त्यात ‘शरणागती’ इतक्यांदा आलं की पाठीमागचा म्हातारा वांगेलिस बोटं मोजायला लागला. फ्रेंच पाहुणे फोटोपुढे डोळे पुसत होते. झाफिरोला फोटोखालीच खुर्ची दिली होती.

यानेनाहून आलेला टीव्हीवाला कॅमेरा घेऊन तिच्यापुढे बसला. “आजी, जरा तशीच मान वर करा ना. फोटोतल्यासारखी. प्रार्थना करताय असं समजा.”

झाफिरोने त्याच्याकडे बघितलं. हनुवटी वर, भुवया वर, पापण्या खाली.

च्क्.

“वा! वा!” पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण गावाच्या बाकांवर एकही हात हलला नाही. माणसं भिंतीकडे बघत होती, मग खुर्चीकडे, पुन्हा भिंतीकडे. वांगेलिसला आधी ठसका लागला, मग हसू आवरेना. “अरे, ही तर नाही म्हणतेय! साठ वर्षं नाही म्हणतेय बाई, आणि आपण मेणबत्त्या लावतोय!”

मिर्सिनी बाकांमधून वाट काढत पुढे आली. “कुणाला नाही म्हणत होतीस, आई?”

“तुझ्या आजोबांना.”

“कशाला?”

“तुला अथेन्सच्या लोकांना देऊन टाकायचं होतं. सही मागत होते माझी.”

मिर्सिनी खुर्चीच्या पायाशी खालीच बसली. एकसष्ट वर्षांची बाई. बराच वेळ तिने आईच्या गुडघ्यावरचा झग्याचा काठ मुठीत धरून ठेवला.

“मावशी,” मास्तर कानाशी येऊन कुजबुजले, “लोकांना काहीतरी सांग. पाटी कोरून झालीय.”

“परत कोरा,” झाफिरो नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाली. “दगड उलटा केला की मागची बाजू कोरी असते.”

“आणि लिहू काय?”

“‘नाही’ लिहा. एवढा दगड कशाला लागतो त्याला, तेही कळत नाही मला.”

संध्याकाळी मिर्सिनीने कार्डापुढचा दिवा विझवला, कार्ड मात्र राहू दिलं. मग विचारलं, “आजोबांचे गहू ह्या वर्षी उकडू की नको?”

“उकड. तुला खांद्यावर घेतलं ते काय खोटं होतं? मेलेल्या माणसाशी भांडण कसलं?”

“जिवंत माणसाशी?”

झाफिरो हसली.

सोमवारी नऊच्या ठोक्याला मिर्सिनीच्या घराखाली दिराची गाडी थांबली. मिर्सिनी उंबऱ्यावर बसून घेवडा सोलत होती. मांडीवर परात, पायाशी सालांचा ढीग, अंगावर घरातलाच झगा. हॉर्न एकदा वाजला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला, ह्या वेळी चांगला लांबलचक.

तिने पुढची शेंग उचलली.