तांब्याचा देवमासा

जहाजाच्या भोजनगृहात, खिडकीलगतच्या टेबलाशी सहा वर्षांची एक मुलगी उभी होती. तिचे समोरचे दोन दात पडलेले होते आणि उघड्या तळहातावर ऑक्टोपसची एक चकचकीत पिन होती. खिडकीबाहेरचं पाणी तेवढं सरकत होतं. आत सगळं थिजलेलं होतं.

"काका, याचे दिवे आता लागत नाहीत. माझा देवमासा परत द्याल?" असं तिनं विचारलं होतं. आणि टेबलाशी बसलेल्या काकांनी, "बाळा, एकदा झालेला सौदा झाला," असं म्हणून पावाला लोणी लावायला घेतलं होतं.

मुलगी ऑक्टोपस मुठीत मिटून निघून गेली.

काकांची स्वतःची लेक दहा वर्षांची. दिसेल ते गोळा करते म्हणून घरात तिला खारूताई म्हणत. तिनं गळ्यातली पट्टी इतक्या जोरात ओढली की आकडाच उपटला. पिनांनी भरलेली ती पट्टी तिनं वडिलांच्या बशीशेजारी ठेवली.

"हे काय गं?" वडील म्हणाले.

"मला नको. मी नाही खेळत."

त्या जहाजावर सुट्टीला निघालेल्या कुटुंबांमध्ये हा खेळ पहिल्या दिवसापासून रंगला होता. प्रत्येकाच्या गळ्यात कापडी पट्टी, पट्टीवर टोचलेल्या धातूच्या इवल्या पिना. समोरच्याची आवडली तर आपली एक द्यायची, त्याची एक घ्यायची. नियम दोनच: मोठ्यांनी मुलांकडे स्वतःहून मागायची नाही, आणि मुलानं मागितली तर पट्टीवरची कुठलीही पिन नाकारायची नाही.

"मुलानं मागितली तर नाही म्हणायचं नसतं, बाबा."

"पट्टीवर असेल तर. देवमासा मी पट्टीवर लावलेलाच नाही. पेटीत ठेवलाय."

"अहो, सुट्टीवर आलोय आपण, लिलावात नाही," आई म्हणाली.

वडील घरांचे मूल्यांकक होते. भिंतीवर बोटाची पेरं वाजवून घराचं वय सांगत, दाराच्या बिजागरीवरून किंमत. नजरेला लागलेली ही सवय सुट्टीतही उतरत नाही. त्या बोळक्या मुलीच्या गळ्यात काळवंडलेला देवमासा दिसताच त्यांनी फोनवरच्या यादीत शोध घेतला होता. जहाजाच्या पहिल्या सफरीची ती पिन, दुर्मीळ! मग त्यांनी लुकलुकणारा ऑक्टोपस गळ्यात अडकवला आणि मुलीच्या टेबलाजवळून सहज म्हणून फेऱ्या मारल्या. मागितलं तिनंच, बदल्यात देवमासाही तिनंच पुढे केला. ते फक्त "बरं" म्हणाले होते.

उद्या सकाळी जहाज बंदराला लागणार, माणसं पांगणार. तोवर लेकीची समजूत काढायला हवी, म्हणून तिची पट्टी आणि उपटलेला आकडा घेऊन ते जहाजावरच्या शिंप्याकडे गेले.

जिन्याखालच्या अरुंद खोलीत शिंपीकाका गणवेश रफू करत बसले होते. दुपारी पिनांच्या अदलाबदलीचं दारातलं टेबलही तेच सांभाळत. "भोकं शेवटी मलाच बुजवायची असतात," असं त्यांचं त्यावर म्हणणं.

त्यांनी आकडा शिवायला घेतला. मूल्यांककांना राहवेना. त्यांनी खिशातली पिनांची पेटी उघडली. "हा बघा जरा. पहिल्या सफरीचाच ना?"

शिंप्याची सुई थांबली. "शेपटी वाकलीय. इंजिनखोलीत यावर पाना पडला होता, तेव्हा मी तिथंच होतो. ही पिन त्या बोळकीच्या आजोबांची. या जहाजावरच्या नोकरीभर छातीवर मिरवली त्यांनी. तुमच्याकडे कशी?"

"तिनं मागितला माझा ऑक्टोपस. मी एका शब्दानं मागितलं नाही."

"शब्दानं नाही. आणि फेऱ्या?"

"तिला तरी कुठं माहीत होती त्याची किंमत?" मूल्यांकक म्हणाले.

"किंमत नव्हती माहीत, साहेब. आजोबा माहीत होते. पण समोर दिवे लुकलुकत असले की सहा वर्षांच्या माणसाला दुसरं काही दिसत नाही. हे तिला ठाऊक नव्हतं, तुम्हाला होतं." मग आवाज जरा मऊ करून ते म्हणाले, "भाव ओळखणं तुमचा धंदा ना? अर्धा तास बसा माझ्या टेबलाशी. इथले भाव ओळखून दाखवा."

यात कसली परीक्षा, असं मनाशी म्हणत मूल्यांकक बसले. कुतूहलही होतंच.

एका मुलानं सोनेरी नांगर देऊन रंग उडालेलं बदक घेतलं. मूल्यांककांनी कपाळाला हात लावला. "अरे, का?"

"हे तिरकं बघतं. अगदी माझ्या मावशीसारखं!" मुलगा आनंदानं म्हणाला.

मग दोन जुळ्या बहिणी आल्या. दोघींकडे हुबेहूब एकसारखे तारे. त्यांनी ते गंभीरपणे काढले, एकमेकींना दिले, पुन्हा टोचले.

"पण बदललं काय यात?" मूल्यांककांनी विचारलं.

"आता हिचा माझ्याकडे आहे," एक म्हणाली.

"आणि हिचा माझ्याकडे," दुसरी म्हणाली. दोघींनी त्यांच्याकडे अशा किवेनं पाहिलं, की इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्याकडे तसं कुणीच पाहिलं नव्हतं.

शिंपीकाका मिशीत हसत होते. "किती ओळखलेत?"

"एकही नाही." मूल्यांकक खरोखरच चक्रावले होते. "यांचं माप तरी कोणतं?"

शिंप्यानं खारूताईची पट्टी खिडकीच्या उजेडाकडे धरली. कापडातून बारीक बारीक ठिपक्यांनी ऊन आत आलं, जणू दिवसा उगवलेलं चांदणं. "दिलेली प्रत्येक पिन मागं एक भोक ठेवते. तुमच्या लेकीला विचारा, प्रत्येक भोकाचं नाव सांगेल ती. हे त्या लाजऱ्या मुलानं नेलं, हे समुद्र लागून आजारी पडलेल्या मुलीला दिलं. मुलं पिना जमवत नाहीत, साहेब, माणसं जमवतात. आता तुमची पट्टी दाखवा."

मूल्यांककांच्या पट्टीवर एकच भोक होतं. ऑक्टोपसचं.

"नियम मी मोडला नाही," ते पुटपुटले, पण आता स्वतःलाच ते पटेना.

"नाही मोडलात. त्याच्या आडोशाला उभे राहिलात. तुमच्या लेकीनं तेच पाहिलं."

आणि त्या क्षणी मूल्यांककांना लख्ख दिसलं! आपण लपलो होतो, आणि कुणापासून? दात पडलेल्या एका पोरीपासून! आयुष्यभर भिंतींचा पोकळ आवाज ओळखणाऱ्या माणसाला स्वतःचा पोकळ आवाज आज ऐकू आला!

खारूताई डेकवर कठड्याला टेकून उभी होती. त्यांनी दुरुस्त पट्टी पुढे केली. "मी देवमासा परत द्यायला चाललोय. येतेस?"

तिनं त्यांचा चेहरा नीट न्याहाळला, एखादी नवी पिन पारखावी तसा. मग पट्टी घेऊन गळ्यात घातली. "येते. पण लांब उभी राहीन. बोलायचं तुझं तूच."

वाचकहो, आपणही कुठं ना कुठं असेच दोन नियमांमधल्या फटीत उभे असतो. समोरच्याच्या अजाणपणातून मिळवलेल्या गोष्टीला आपण हुशारी म्हणतो, आणि आपली मुलं जवळच उभी राहून ती शिकत असतात. लहानांचा विश्वास ही आपल्या हाती दिलेली ठेव आहे. तिच्यावर नफा काढायचा नसतो. आणि चूक उमगली, तर ती मुलांसमोरच दुरुस्त करावी, कारण तेवढाच धडा ती विसरत नाहीत.

बोळकी मुलगी झोपाळू उन्हात एका खुर्चीवर पाय हलवत बसली होती. मूल्यांकक तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. तळहातावरचा देवमासा त्यांनी पुढे केला.

"हा तुझा. दिव्यांना तू भुलशील हे मला माहीत होतं. तरी मी घेतला. चुकलंच माझं."

मुलीनं देवमासा उचलला. वाकलेल्या शेपटीवरून अंगठा फिरवला. मग खिशातून विझलेला ऑक्टोपस काढून त्यांच्या तळहातावर ठेवला, ठामपणे.

"एकाला एक," ती म्हणाली.

पण जुनी सवय जाता जात नाही. दिलेल्याच्या बदल्यात काहीतरी हवंसं वाटलंच. "आता राग नाही ना माझ्यावर?" त्यांनी विचारलं.

तिनं खुर्चीवरून उडी मारली आणि चालता चालता देवमासा पट्टीवरच्या जुन्याच भोकात टोचत ती निघून गेली.