सगळ्यात शिस्तीचा वॉर्ड

लाकेरने बाळाच्या नाकावर मास्क धरला आणि दुसऱ्या हाताने ऑक्सिजनची चावी पूर्ण फिरवली. काटा हललाच नाही. सिलिंडर रिकामा होता, आणि बाळ निळं पडत चाललं होतं. तिने ते तसंच छातीशी कवटाळलं आणि अंगण ओलांडून ऑपरेशन थिएटरकडे धावत सुटली. भिंतीलगत मक्याच्या पिठाचा पोशो शिजवत बसलेल्या बायका पातेली सोडून उभ्या राहिल्या.

तिथल्या ऑक्सिजनवर बाळ रडलं. वाचलं.

ती परतली तेव्हा वॉर्डात काम करणाऱ्या तिघी टेबलामागे उभ्या होत्या. किटगुम गावच्या या इस्पितळात लाकेरचा बाळंतीण विभाग सगळ्यात शिस्तीचा. ती प्रमुख झाल्यापासून इथून एकाही चुकीची तक्रार वर गेली नव्हती. मोठे डॉक्टर दर बैठकीत इतरांना तिचं उदाहरण देत.

"सिलिंडर संपलाय हे कुणाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच, सिस्टर," अचिरो नर्स म्हणाली. "सकाळपासून."

"आणि मला सांगितलं नाहीत? बाळ गेलं असतं!"

"सांगितलं असतं तर तुम्ही आधी विचारलं असतंत, संपवला कुणी." अचिरो थांबली नाही. "थर्मामीटर फुटला तेव्हा या अडोंगला तुम्ही सगळ्या बाळंतिणींसमोर उभं केलंत. तिची नणंद होती त्यांच्यात."

अडोंग मान खाली घालून नखं कुरतडत होती. लाकेर रिकाम्या खाटेच्या कडेवर बसली.

"अजून काय सांगितलं नाहीत?"

अचिरोने अडोंगकडे पाहिलं.

"इंजेक्शनांचा फ्रिज गार होत नाही," अडोंग पुटपुटली. "परवापासून."

त्यातलंच इंजेक्शन आज लाकेरने स्वतः एका बाईला रक्तस्राव थांबावा म्हणून दिलं होतं; गार राहिलं नाही तर ते निकामी होतं. ओरडा अगदी घशाशी आला. तिने ओठ घट्ट मिटले.

"अजून?"

आता तिघींतली तिसरी, ओपिराची आई, पुढे सरकली. वॉर्डातली सर्वांत जुनी दाई. लाकेरला पहिलं बाळंतपण हिनेच शिकवलेलं.

"पोरी, मला सिरिंजवरचे आकडे दिसत नाहीत गं," ती म्हणाली. "बरेच दिवस झाले. अंदाजाने भरते."

लाकेरचा हात आपोआप तोंडावर गेला. मग तिने बाजूला सरकून खाटेवर जागा केली.

"बसा," ती म्हणाली. "सगळं सांगा."