ट्रेलरच्या भिंतीआड

मित्रांनो, लांबून पाहिलंत तर मी तुम्हाला चाकांवरचं पत्र्याचं घर वाटेन. तसं म्हणा हवं तर. मी एक जुना ट्रेलर. मला इंजिन नाही. मोटारीच्या मागे जोडलं की निघतो, सोडवलं की थांबतो. माझ्या पोटात झोपायला पलंग, एक शेगडी, छोटासा फ्रिज आणि कपाटाखाली गॅसवर चालणारा हीटर. त्या हीटरमुळे एका घरात माझ्यावर संशय घेतला गेला. त्याचीच ही गोष्ट.

माझा जन्म अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, एका कारखान्यात झाला. तिथे सगळ्यांनाच फार घाई. एका टोकाला माझी लोखंडी चौकट ठेवली आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत माझ्यावर छप्परसुद्धा चढलं. भिंतींच्या फळ्या धडाधड ठोकून बसवल्या. शेवटी एका माणसानं माझं दार उघडून लावून पाहिलं, माझ्या अंगावर थाप मारली आणि तो पुढच्या ट्रेलरकडे वळला. आपल्यात काही कमी आहे, असं मला कुठून कळणार? स्वतःच्या भिंतीआड काय आहे ते मला दिसत नाही.

१९८४ सालच्या उन्हाळ्यात मला चारुदत्तरावांनी विकत घेतलं. ते मूळचे सोलापूरचे, मिशिगनमध्ये एका मोटार कंपनीत इंजिनिअर होते. त्यांच्या पत्नी उत्तराताई नागपूरच्या. ॲन आर्बरला युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत त्या काम करायच्या. आणि त्यांची दीपा, नऊ वर्षांची. घरातले मराठीत बोलत आणि ती इंग्रजीत उत्तर देई.

माझा पहिला उन्हाळा कौतुकात गेला. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला मला नेलं, तेव्हा प्रत्येकानं आत येऊन माझी कपाटं उघडून पाहिली. "आता बाहेर गेल्यावर ब्रेड-बटाट्यावर दिवस काढायला नकोत," असं म्हणत उत्तराताईंनी माझ्या शेगडीवर सगळ्यांना पोहे करून घातले. मी उत्तरेकडची तळी पाहिली, पाइनची रानं पाहिली. खिडक्या उघड्या असायच्या आणि वारा माझ्यातून आरपार जायचा.

ऑक्टोबरमध्ये पानांचे रंग बघायला आम्ही पुन्हा निघालो. आता थंडी होती. खिडक्या बंद झाल्या आणि हीटर पहिल्यांदाच लागला. सकाळी दीपा उठली ती डोकं धरूनच.

"आई, माय हेड हर्ट्स," ती म्हणाली आणि दाराबाहेर जाऊन तिनं उलटी केली. उत्तराताईंचंही डोकं जड झालं होतं. चारुदत्तराव म्हणाले, "काल भजी जरा जास्तच झाली."

पुढच्या खेपेला भजी नव्हती, साधा वरणभात होता. तरी तेच झालं. या वेळी दीपाला हाक मारली तरी ती लवकर जागी होईना. उत्तराताईंनी तिला उचलून बाहेर आणलं, बाकावर बसवलं. थंड वारा लागला तशी ती हळूहळू माणसात आली.

त्या दिवसापासून उत्तराताई माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघू लागल्या. पाण्याच्या टाकीवर संशय, म्हणून त्यांनी टाकी रिकामी केली. मग फ्रिजवर, मग गाद्यांवर. माझ्या कोपऱ्याकोपऱ्यात नाक खुपसून त्यांनी वास घेतला. कसलाच वास नव्हता. मला वाईट वाटायचं, मित्रांनो. कालपर्यंत जी बाई माझी खिडकी प्रेमानं पुसायची, ती आता चोराच्या घराची झडती घ्यावी तशी मला तपासत होती. पण मलाही माझी खात्री देता येत नव्हती.

मग मला विकणाऱ्या दुकानदाराकडे नेलं. वेंडेल त्याचं नाव. हसरा, गुबगुबीत माणूस. उत्तराताई त्याला म्हणाल्या, "सकाळी उठलं की आमची डोकी दुखतात. मुलीला उलट्या होतात. घरी असं कधीच होत नाही, फक्त या ट्रेलरमध्ये होतं."

वेंडेलनं विचारलं, "फक्त हीटर लावता तेव्हाच ना?"

मग तो आत आला. दार सताड उघडं ठेवून त्यानं हीटर पेटवला, ज्योत पाहिली, बंद केला. "झकास चाललाय! तुम्ही लोक मसाले फार तळता. जरा खिडकी उघडत जा." चारुदत्तराव ओशाळले. त्यांनी त्याचे आभार मानले आणि आम्ही निघालो.

घरी पोचल्यावर मला मागच्या अंगणात लावलं. मग उत्तराताई म्हणाल्या, "अहो, मी त्याला हीटरबद्दल काही बोललेच नव्हते."

"म्हणजे?"

"मी डोकेदुखी म्हटलं. हीटरचं नाव त्यानं काढलं. आणि तेसुद्धा 'तेव्हाच ना?' असं. त्याला आधीपासून माहीत आहे."

"अगं, थंडीचे दिवस आहेत, सहज विचारलं असेल. एवढी मोठी कंपनी आहे, टेस्ट केल्याशिवाय विकतात का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तराताई एकट्याच माझ्यात येऊन बसल्या. दाराला लागूनच बसल्या, एक हात कडीवर. त्यांनी खिडक्या लावल्या आणि हीटर सुरू केला. लायब्ररीचं एक पुस्तक उघडलं, पण पानं काही उलटली नाहीत. बऱ्याच वेळानं त्यांनी कपाळ दाबलं. आणखी थोडा वेळ बसल्या, आणि मग दार ढकलून धडपडत बाहेर गेल्या. गवतावर बसून लांब लांब श्वास घेत त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत राग होता, आणि भीतीही.

संध्याकाळी चारुदत्तरावांनी सगळं ऐकून घेतलं. "उत्तरा, मी याच धंद्यात आहे," ते म्हणाले. "एका बाईचं डोकं दुखलं म्हणून कुठलीही कंपनी हलत नाही. आम्ही म्हणतो, बाईला मायग्रेन असेल."

"आम्ही म्हणतो?"



मग उत्तराताईंनी दुसरी वाट धरली. शनिवारी सकाळी त्या मोटार घेऊन जवळच्या कॅम्पग्राउंडवर गेल्या आणि माझ्यासारखाच ट्रेलर शोधू लागल्या. तिथे काय झालं, ते त्यांनी नंतर माझ्याच दारात उभं राहून सांगितलं, म्हणून मला ठाऊक. पहिल्या दोघांनी धड उत्तर दिलं नाही. स्वेटरवर कोट घातलेली एक परकी बाई तुमचा हीटर कसा आहे विचारते, म्हणजे काहीतरी विकायला आली असणार, असं त्यांना वाटलं. तिसरी होती डोलोरेस नावाची एक वयस्क बाई. ती आधी म्हणाली, "आमचा उत्तम चालतो." मग तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि उत्तराताईंना आत घेतलं.

डोलोरेसचा नवरा आत खुर्चीत बसला होता. मागच्या वर्षी ट्रेलरमध्ये तो सकाळी उठलाच नाही. दवाखान्यात नेल्यावर जीव वाचला, पण आता त्याला नातवंडांची नावं आठवत नव्हती. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका. महिन्याभरानं वेंडेल आपणहून आला, हीटर फुकट नीट करून देतो म्हणाला. "आणि म्हणाला, उगाच बोभाटा करू नका," डोलोरेसनं सांगितलं. "फुकट कुणी काही देतं का हो? तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकतेय."

उत्तराताई भरधाव घरी आल्या. अंगणात येऊन पाहतात तर विष्णू आणि लता उभे. चारुदत्तरावांचे मित्र. बाळाला घेऊन ते आठवडाभर माझ्यातून फिरायला जाणार होते. तसं आधीच ठरलं होतं. विष्णूनं मोटार मागे घेतली होती आणि चारुदत्तराव मला जोडायला वाकले होते. लताच्या खांद्यावर तिचं तान्हं बाळ झोपलं होतं.

उत्तराताई मोटारीतून उतरल्या त्या थेट माझ्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"ट्रेलर द्यायचा नाही."

"उत्तरा!" चारुदत्तराव हळू आवाजात म्हणाले. "शब्द दिलाय आपण."

विष्णू गडबडला. "वहिनी, काही प्रॉब्लेम असेल तर राहू द्या. आम्ही मोटेल घेऊ."

"प्रॉब्लेम आहे की नाही, ते आत्ताच बघू," उत्तराताई म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळून त्यांनी डोलोरेसची सगळी हकिकत सांगितली. "तुम्ही इंजिनिअर आहात ना? त्या वेंडेलनं नुसती ज्योत पाहिली. तुम्ही भिंत उघडा. आत सगळं ठीक असलं, तर मी स्वतः डबा भरून देते आणि लताची माफी मागते."

चारुदत्तरावांचा चेहरा लाल झाला होता. पण ते गॅरेजमधून स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च घेऊन आले. कपाटाखालची फळी त्यांनी काढली. मित्रांनो, जन्मल्यापासून पहिल्यांदा माझ्या त्या जागेला उजेड लागला.

हीटरचा धूर बाहेर नेणारी एक नळी असते. ती भिंतीतून आरपार जाऊन बाहेरच्या झाकणाला मिळायला हवी. माझी नळी मिळालेलीच नव्हती. ती चार बोटं आखूड कापली होती आणि भिंतीच्या पोकळीतच संपत होती. भोवतालचं लाकूड काजळीनं काळं झालं होतं. हीटर पेटला की त्याचा विषारी वायू बाहेर न जाता माझ्या आतच परतत होता. त्या वायूला ना रंग, ना वास. म्हणून उत्तराताईंना तो सापडला नव्हता.

चारुदत्तरावांनी बोट लावलं. बोट काळं झालं. ते तसेच जमिनीवर बसून राहिले. मग त्यांनी वळून लताच्या खांद्यावरच्या बाळाकडे पाहिलं.

"विष्णू, मोटार पुढे घे," ते म्हणाले. "उत्तरा, माझं चुकलं."

"ते नंतर," उत्तराताई म्हणाल्या. "आधी फोन करा."

वाहनांच्या सुरक्षेच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी खात्याला चारुदत्तरावांनी फोन केला. नळीचे फोटो काढून पाठवले. डोलोरेसनंही फोन केला. उत्तराताई हिवाळाभर ट्रेलरवाल्यांना गाठत राहिल्या. कुणी दार लावून घेई, कुणी आत बोलावून कॉफी पाजी. वसंतात कंपनीनं जाहीर केलं की त्या बनावटीचे सगळे ट्रेलर दुरुस्तीला परत आणा. याला रिकॉल म्हणतात.

वेंडेलच्या आवारात माझी भावंडं ओळीनं उभी होती. किती जणांच्या पोटात ती आखूड नळी होती, कोण जाणे! वेंडेल उत्तराताईंच्या नजरेला नजर देईना. शेवटी पुटपुटला, "गाजावाजा न करता दुरुस्त करा, असं कंपनीनं आम्हाला सांगितलं होतं."

"आणि माझी मुलगी त्यात झोपते, हे मी तुम्हाला सांगितलं होतं," उत्तराताई म्हणाल्या.

मला नवी नळी बसवली. मी आता खरोखरच निर्दोष होतो. पण मन एकदा विटलं की विटलं. दीपा माझ्यात झोपायला तयार होईना. "आय डोन्ट ट्रस्ट इट," ती म्हणायची, आणि तिची समजूत घालायला मला तोंड नव्हतं. दोन हिवाळे मी गॅरेजमागे बर्फात उभा राहिलो. माझ्या छपराला गंज चढला, टायर बसले. मला कुणी शिवी दिली नाही, पण हाकही मारली नाही.

पुढे एका मासेमारानं मला घेतलं. उत्तराताईंनी त्याला माझी सारी हकिकत सांगितली आणि फळी काढून नळी दाखवली. तो दर थंडीच्या सुरुवातीला ती फळी काढून बघतो. मला त्याचा राग येत नाही. उलट, बघितलं की बरं वाटतं.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू तुम्ही धुऊनपुसून लखलखीत ठेवता, ते चांगलंच आहे. पण कधीतरी आमच्या पाठीमागेही डोकावून बघा. आम्हाला बोलता येत नाही. म्हणून घरातलं कुणी म्हणालं, "इथे काहीतरी बिनसलंय," तर त्याला हसू नका. आम्हाला जे सांगता येत नाही, तेच तो सांगत असतो.