कोळंबी पोहायला गेली

मी एक जुनी व्हीसीडी आहे. पूर्ण सिनेमासुद्धा नाही, एका कँटोनीज विनोदी सिनेमाचा पहिला अर्धा भाग. दुसरा अर्धा माझ्या जोडीदारणीकडे होता. तिचं काय केलं ते ऐका, मित्रांनो, आणि मग मला शांत व्हायला सांगा.

शाम शुई पोच्या बाजारातून लाऊ काम-फुक नावाच्या मिनीबस ड्रायव्हरनं आम्हा दोघींना घेतलं आणि क्वाय चुंगला बाविसाव्या मजल्यावरच्या घरी नेलं. दर चिनी नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी जेवणं झाली की आमची पाळी. माझ्या डाव्या स्पीकरच्या आवाजात घरची कँटोनीज, उजव्या स्पीकरच्या आवाजात मँडरिन. काम-फुक बटण फिरवून मँडरिनचं तोंड बंद करायचा.

मी संपते तिथं गुंडांचा म्होरक्या वाटी आपटून लबाड वाँटनवाल्याला, म्हणजे कोळंबीच्या पुरचुंड्यांचं सूप विकणाऱ्याला, विचारतो, "माझी कोळंबी कुठाय?" चकती बदलायला मिनिटभर लागायचं. तेवढा दम कुणाला? काम-फुक स्वतःच वाँटनवाला होऊन कमरेत वाकून म्हणायचा, "आत्ताच पोहायला गेली, साहेब. बसा, येईल." म्होरक्याचं पुढचं वाक्य त्याचा मुलगा चि-हो छाती फुगवून म्हणायचा. बायको युक-हाला मुळ्याच्या वड्या खाताना ठसका लागायचा. "म्हाताऱ्या, एक दिवस जीव घेशील माझा," म्हणायची. तेव्हा तो म्हाताराही नव्हता.

मग बऱ्याच वर्षांनी त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा गेली. उरलं एक "हं". त्याच्याशी बोलत राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चि-होनं भिंतीएवढा टीव्ही आणला. त्यावर हाच सिनेमा लावला, तोही मँडरिनमध्ये. म्हाताऱ्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. चि-हो म्हणाला, "बाबा, चित्र बघा ना, किती स्वच्छ आहे." चित्र! त्या माणसाची सगळी मजा आवाजात होती, आणि पोटच्या पोराला ते कळू नये?

जोडीदारणीला सुनेनं कबुतरं हाकलायला खिडकीबाहेर टांगलं. उन्हापावसात तिची पाटी कोरी झाली. वर्ष संपायच्या आधी घर धुऊन काढतात, त्या दिवशी चि-होनं मला प्लेअरसकट कचऱ्याच्या पिशवीत कोंबलं. पण पिशवी खाली न्यायला तो विसरला. नवं वर्ष लागलं. पहिले दोन दिवस घरातला कचरा बाहेर टाकला तर लक्ष्मीही बाहेर जाते म्हणतात. पिशवी दाराआड राहिली. माझा जीव माणसांच्या मायेनं वाचला नाही, मित्रांनो. आळसानं वाचला.

नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी युक-हानं ती पिशवी उघडली. मुलाला एवढंच म्हणाली, "घर झाडत होतास की बापाला?" प्लेअर पुसला, जोडला, बटण फिरवलं.

मी खरखरले, दोनदा अडखळले, पण चालले. म्होरक्यानं वाटी आपटली. "माझी कोळंबी कुठाय?" पडदा निळा झाला. पुढं काहीच नव्हतं. सून खिडकीकडे बघायचं टाळत होती.

आणि काम-फुकचे ओठ हलले. "आत्ताच... पोहायला... गेली, साहेब."

झटक्यानंतर सात महिन्यांनी! चि-होनं काय केलं असेल? मोबाईल काढला. "बाबा, परत एकदा म्हणा."

म्हाताऱ्यानं ओठ मिटून घेतले. मला प्लेअरमधून उडून त्या पोराच्या कपाळावर बसावंसं वाटलं.

"ठेव तो खाली," युक-हा म्हणाली. "पुढचं वाक्य तुझं आहे."

चि-होनं मोबाईल उलटा ठेवला, तो बापासमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, "मग ती परत येईपर्यंत मी काय नुसतं पाणी पिऊ?"

"बसा," म्हातारा म्हणाला. "येईल."

जुन्या वस्तू जपा, असं गोड बोलून मी जाणार नाही. मी प्लास्टिक आहे, मला फेकलंत तरी चालेल. पण फेकण्याआधी ज्याची वस्तू आहे त्याला विचारा. त्याला बोलता येत नसेल, तर समोर बसा आणि बोलेपर्यंत उठू नका.